मुक्ता साळवेचे दोन प्रश्न: तालीम कुणाची आणि दवाखाना कुणाचा?



१८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत अवघी तीन वर्षे शिकलेली मांग समाजातली मुलगी. वेद जर ब्राह्मणांचे, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा प्रश्न आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत आहे. आपण तो भाषणात सांगतो, पोस्टरवर छापतो. पण त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्यांच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

पहिली गोष्ट तालमीची. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून मांग किंवा महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असे मुक्ता लिहिते. दुसरी गोष्ट औषधाची. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते, त्यांना बाळंतरोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसे आणायचे कुठून, आणि फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात होता तरी कोण, असे ती विचारते.

एक शरीर कमावण्याची जागा, दुसरी शरीर सावरण्याची. दोन्ही जागांची दारे आपल्याला बंद होती, आणि ही गोष्ट एका शाळकरी मुलीने एकाच निबंधात मांडली.

आज तरुणांच्या आरोग्यावर बोलणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, पोरांनो मोबाईल सोडा, व्यसन सोडा, पहाटे उठून धावा, सगळे तुमच्याच हातात आहे. दुसरा म्हणतो, व्यायाम हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, आधी सरकारी दवाखाना नीट करा. पहिल्याला जात दिसत नाही, दुसऱ्याला स्वतःचे शरीर दिसत नाही. माझे म्हणणे असे की आपल्या चळवळीने हे दोन प्रश्न वेगळे केलेले नव्हते. तालीम आणि दवाखाना ही तिच्यासाठी एकच लढाई होती. हा इतिहास नीट समजून घेतला तर आज काय करायचे तेही कळते.

लहुजींची तालीम

पेशवाई १८१८ साली बुडाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत लहुजी वस्ताद साळवे यांनी पुण्याच्या गंज पेठेत तालीम सुरू केली. ज्या शहरात तालमीसमोरून चालणे हा गुन्हा होता, त्याच शहरात एका मांगाने स्वतःची तालीम काढली आणि तिथे वेगवेगळ्या जातींची पोरे शिकायला आली. जोतीराव फुले त्यांतलेच एक. दांडपट्टा आणि नेमबाजी आपण लहुजींकडून शिकलो, हे जोतीरावांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. माळ्याचा मुलगा मांगाला वस्ताद मानतो, त्याच्या पायाशी बसून शिकतो, ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट होती याचा विचार करा. जात मोडण्याचा धडा जोतीराव पुस्तकातून शिकलेच, पण तालमीच्या मातीतही शिकले.

पुढे फुल्यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या तेव्हा मांगवाड्यात फिरून मुले शाळेत पाठवायला लहुजी पुढे होते. मुक्ता त्यांच्याच घराण्यातली. म्हणजे तालमीतून शाळा उभी राहिली, शाळेतून मुक्ताचा निबंध आला, आणि निबंधाने दवाखान्याचा प्रश्न विचारला. शरीर, शिक्षण आणि आरोग्य यांचा असा सरळ धागा आहे. तो मध्येच तोडला तर हातात काहीच उरत नाही.

शरीर चालते, माणूस चालत नाही

जातीव्यवस्थेला आपल्या शरीराचे कधी वावडे नव्हते. मेलेली गुरे ओढायला, लाकडे फोडायला, गावोगाव सांगावा घेऊन धावायला, रात्रभर वेशीवर जागायला हेच शरीर चालत होते. या शरीराचा मान मात्र चालत नव्हता.

सैन्याचे उदाहरण घ्या. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला महार सैनिक लढले, हे तिथल्या स्तंभावर कोरलेले आहे. पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. लढवय्या जाती आणि न-लढवय्या जाती अशी विभागणी करण्याचे खूळ तेव्हा लष्करात शिरले होते. कालपर्यंत लढणारे शरीर कागदावर एका रात्रीत कमजोर ठरले. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा भरती उघडली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहिली ती थेट १९४१ साली, बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर. लष्करातली भरती म्हणजे नुसता पगार नव्हता. तिथे पोटभर अन्न, नियमित कवायत, मुलांना शाळा आणि आजारपणात डॉक्टर मिळत होता. सुभेदार रामजी सकपाळांच्या घरात शिक्षण आले ते याच वाटेने.

दुसरे उदाहरण पळवणकर बाळूंचे. चांभार समाजातला हा मुलगा पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखायचा आणि सरावाला आलेल्या साहेबांना चेंडू टाकायचा. त्यातून तो त्या काळातला हिंदुस्थानातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचा हात हवा होता, कारण त्याशिवाय युरोपियनांना हरवता येत नव्हते. पण चहाची वेळ झाली की संघातले बाकीचे आत बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या कपात चहा मिळे. संघाचे कर्णधारपद त्याला शेवटपर्यंत मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही बऱ्याच वादानंतर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, आणि बाबासाहेब जिंकले.

यातून घ्यायचा धडा स्पष्ट आहे. कमावलेले शरीर आत्मविश्वास देते, पण एकट्याच्या शरीराने जात मोडत नाही. आजही गावच्या कबड्डी संघात आपला पोरगा चढाईला लागतो, आणि सामना जिंकल्यावर जेवणाची पंगत वेगळी बसते. मैदानावरच्या कर्तबगारीला मैदानाबाहेरच्या संघटनेची जोड नसेल, तर व्यवस्था तुमचा घाम घेते आणि कप मातीचाच देते.

चवदार तळे आठवते, दवाखाना विसरतो

आता दवाखान्याकडे वळू. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान बांधले हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी काढलेले हुकूम किती जणांना ठाऊक आहेत? सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना इतरांसारखेच वागवा, आणि ज्याला हे पटत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, असे महाराजांनी आपल्या नोकरांना बजावले. त्यांनी विनंती केली नाही, प्रबोधनाचे शिबिर भरवले नाही, सरळ नोकरीवर बोट ठेवले. कुस्तीला आश्रय देणारा राजा तोच आणि दवाखाना उघडणारा राजाही तोच.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या जोरावर झाला, म्हणून तो आपण पाणवठ्यांचा ठराव म्हणून लक्षात ठेवतो. पण त्या ठरावात सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळांबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्याचे दार अस्पृश्यांना खुले असावे, असे विधिमंडळाला ठराव करून सांगावे लागले, यावरूनच तेव्हाची स्थिती कळते.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी हा हक्काचा प्रश्न होता तसाच तो आरोग्याचाही होता. ज्या वस्तीला गावाचे चांगले पाणी मिळत नाही, तिच्या वाट्याला पटकी आणि हगवण येणारच. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, हे आवाहनही झाले. स्वाभिमान आणि आरोग्य तिथे हातात हात घालून उभे होते.

हात न लावणारा डॉक्टर

दार उघडले तरी आतला माणूस बदलतो का? बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींच्या लेखनात एक प्रसंग नोंदवला आहे. तो डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलेल्या पत्रातला. काठेवाडातला एक अस्पृश्य शाळामास्तर. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावातल्या प्रतिष्ठितांच्या विनवण्या केल्या, फीच्या दोन रुपयांची हमी मिळाली, तेव्हा तो आला, पण बाईला वस्तीबाहेर आणा या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले, आणि त्याच क्रमाने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात ते पाहून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. पुन्हा बोलावले तेव्हा तो आला नाही. बाई गेली.

हा डॉक्टर शिकलेला होता. त्याला न्यूमोनिया म्हणजे काय ते कळत होते. बाळंतिणीला असे सोडून दिले तर काय होईल हेही कळत असणार. म्हणून "समाज शिकला की भेदभाव जाईल" असे कुणी म्हटले, की मला हे थर्मामीटर आठवते.

याच्यासमोर दुसरे चित्र ठेवा. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला होता. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर माळरानावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी आहे हे कळल्यावर पासष्टी ओलांडलेल्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आणखी मागे जायचे तर विनयपिटकात तथागतांची कथा आहे. हगवणीने घाणीत लोळत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतःच्या हाताने धुतले आणि संघाला सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

एक परंपरा थर्मामीटर तिसऱ्या हातातून देते. दुसरी परंपरा आजाऱ्याला पाठीवर घेते. आपण कोणत्या परंपरेचे वारस आहोत हे वेगळे सांगायला नको.

हॉकी क्लबपासून कामाच्या तासांपर्यंत

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृह, वाचनालय ही तिची कामे आपल्याला पाठ आहेत. पण सभेने मुंबईत महार हॉकी क्लबही चालवला होता. हेतू असा की गिरणगावातल्या तरुणांनी जुगार आणि दारूच्या अड्ड्याऐवजी मैदानावर यावे. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. दमट खोल्या, सामाईक संडास, गिरण्या आणि दारूचे गुत्ते त्यांनी रोज पाहिले होते. व्यसन सोडा असा नुसता उपदेश त्यांनी केला नाही. व्यसनाच्या जागी काय करायचे तेही हातात दिले.

महाडच्या लढ्याच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. गणवेश, शिस्त, कवायत, लाठी. आज लाठी-कवायत म्हटले की अनेकांना संघाची शाखाच आठवते आणि आपलेच काही तरुण या सगळ्यापासून लांब राहतात. त्यांनी आपलाच इतिहास वाचावा. दलाची कवायत कुणाच्या वस्तीत दहशत बसवायला नव्हती. सभेवर दगड आले तर बाया-माणसांना सुरक्षित बाहेर काढणे, परिषदेची व्यवस्था राखणे, वस्तीचे रक्षण करणे, यासाठी ते अंग कमावले जात होते. शरीर कमावण्यात वाईट काही नाही. ते कुणासाठी कमावले, हा प्रश्न आहे.

आणि याच काळात बाबासाहेब दुसऱ्या बाजूनेही लढत होते. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने ते बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. दोनच वर्षांपूर्वी त्यांचा राजरत्न गेला होता. रमाई आणि बाबासाहेबांची चार मुले लहानपणीच गेली, आणि १९३५ साली रमाईही गेल्या तेव्हा त्यांचे वय ३७ होते. हा कायदा १९२९ साली झाला. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधिमंडळात मांडला. त्यामागेही बाबासाहेबच होते. सभागृहाने तो फेटाळला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाचा कायदा १९४३ साली सुधारला गेला. १९४४ साली कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. त्याच वर्षी कामगारांच्या आरोग्य विम्याबद्दलचा आडारकर अहवाल त्यांच्याच खात्याकडे आला, आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले.

हे शेवटचे कलम पुन्हा वाचा. कामाचे तास. व्यायामाला आधी वेळ लागतो. दहा तास यंत्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पहाटे उठून धाव म्हणणे ही थट्टा आहे. हॉकी क्लब काढणाऱ्या माणसानेच पुढे कामाचे तास कमी केले, हा योगायोग नाही. मैदान द्यायचे तर मैदानावर जायला वेळही द्यावा लागतो, हे त्यांना कळत होते.

कागदावरचा हक्क

संविधान लागू झाले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपवली. अनुच्छेद ४७ ने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. तरीही १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात रुग्णालयात प्रवेश नाकारण्यासाठी स्वतंत्र कलम घालावे लागले, कलम ५. म्हणजे १९१९ च्या कोल्हापुरात, १९२३ च्या मुंबईत आणि १९५५ च्या दिल्लीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली: दवाखान्याचे दार उघडा.

१९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहता कामा नये असे म्हटले होते आणि पहिल्या टप्प्यात दर ४० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. आज निकष सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजार असा आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो मजूर रेल्वेतून पडला होता आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले होते.

कागद भरपूर आहेत. पण २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. साडेचौदा वर्षे. मुक्ताने बाळंतिणीबद्दल विचारलेला प्रश्न अजून जिवंत आहे.

आपल्या घरातले दोन विषय

व्यवस्थेला प्रश्न विचारायचे आणि स्वतःला काहीच विचारायचे नाही, हे आपल्याला शोभत नाही. म्हणून दोन गोष्टी.

पहिली गोष्ट भरतीची. आपली हजारो पोरे-पोरी पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. मुलांचे १६०० मीटर, मुलींचे ८०० मीटर, गोळाफेक. पोलीस भरती हेच त्यांच्या व्यायामाचे कारण. भरती झाली की व्यायाम सुटतो, वय उलटले की आशा आणि व्यायाम दोन्ही सुटतात. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज ६० मिनिटे आणि मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे हालचाल सांगते. ती भरतीसाठी नाही, आयुष्यासाठी आहे.

इथेच विदर्भातल्या तरुणांना एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. तिथल्या आदिवासी समाजांत आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलग्रस्त मुलाला पाणी न पिता, थंडीत, दमछाक होईपर्यंत धावायला लावले तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते. वाहक असलेल्यांना सहसा त्रास होत नाही, पण आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताची साधी चाचणी हे सांगते. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. म्हणून आधी तपासणी, मग डॉक्टरला विचारून धावणे, आणि पत्रिका-बित्रिका गेली खड्ड्यात, लग्नाआधी रक्ताचा अहवाल. तालीम आणि दवाखाना वेगळे करता येत नाहीत, याचा यापेक्षा रोकडा पुरावा कोणता?

दुसरी गोष्ट अठरा तासांची. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करत, म्हणून आपण जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो. उपक्रम चांगला आहे, प्रेरणा खरी आहे. पण त्याच बाबासाहेबांना पुढे मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने किती छळले हेही मुलांना सांगा. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा ६५ वर्षांचे होते. धम्मदीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. त्यांनी आपल्यासाठी शरीर झिजवले, कारण तेव्हा ते काम करायला दुसरे कुणी नव्हते. आज आपण लाखोंनी आहोत. एकाने झिजण्याऐवजी अनेकांनी वाटून घेता येते. रात्रभर जागून, वडापाववर दिवस काढून, तंबाखूची पुडी तोंडात धरून चाळिशीत हृदयविकाराने जाणारा कार्यकर्ता हा चळवळीचा त्याग नव्हे, तोटा आहे.

मग करायचे काय?

एक. प्रत्येक विहाराच्या पटांगणात रोज एक तास मुलामुलींनी एकत्र व्यायाम करावा. यंत्रे नकोत, महागडी पावडर नको. सूर्य उगवताना धावणे, जोर-बैठका, कबड्डी, खो-खो पुरे. मुलींची वेळ आणि जागा आधी ठरवा, कारण आपल्या वस्तीतही मैदानाचा ताबा मुलांकडेच असतो. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या १०० पैकी ५७ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून मुलींची हिमोग्लोबिनची चाचणी आणि ताटातली भाकरी, डाळ, अंडे, पालेभाजी हाही व्यायामाचाच भाग समजा.

दोन. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपले डॉक्टर शिबिरे घेतात, त्यांना सलाम. पण शिबिराची चिठ्ठी खिशात विरघळून जाते. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि विदर्भात सिकलसेल यांची वर्षातून एकदा नोंद करा, आणि ज्याला पुढच्या तपासणीची गरज आहे त्याला एका कार्यकर्त्याने आरोग्य केंद्रात घेऊन जावे.

तीन. आपले हक्क पाठ करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. तरी बाहेरून औषध आणायला सांगतात का, ते लिहून ठेवा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. जोतीरावांच्या नावाने चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत काय बसते आणि काय बसत नाही, हे वस्तीतल्या एका तरी तरुणाला नेमके माहीत हवे. भरती होण्याआधीचा ताप, खोकला, मधुमेहाची रोजची गोळी यांना विमा कामी येत नाही. तिथे चालू असलेले आरोग्य केंद्रच लागते. म्हणून केंद्रात डॉक्टर किती दिवस असतो, औषधे कोणती नाहीत, रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे, हे माहिती अधिकारात विचारा.

चार. शहराच्या विकास आराखड्यात आपल्या वस्तीजवळ खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे का ते पाहा. असेल आणि तिथे पार्किंग किंवा मॉल उभा राहत असेल, तर तो आपला चवदार तळ्याचा प्रश्न समजा.

पाच. गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगाराला "फिटनेस"वर व्याख्यान देऊ नका. २०१३ च्या कायद्याने हे काम करून घेणे गुन्हा ठरवले आहे. त्याला गटाराबाहेर काढणे हे त्याच्या आरोग्याचे पहिले काम आहे.

मित्रांनो, शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असे आपण म्हणतो. शिकायला डोळे लागतात, संघटित व्हायला पाय लागतात, संघर्ष करायला छाती लागते. ही सगळी शरीराचीच अंगे आहेत. मुक्ता साळवेने तालीम आणि वैद्य दोन्ही मागितले होते. त्यातले एक घेऊन दुसरे सोडायचा अधिकार आपल्याला नाही.

उद्या सकाळी विहाराचे पटांगण झाडून घ्या, आणि परतताना आरोग्य केंद्राच्या फळ्यावर डॉक्टरची वेळ लिहिली आहे का ते बघून या.

जयभीम! जय लहुजी! जय सावित्री!